बॅकअप पुन्हा थांबलं? क्रॉनला दोष देण्याआधी हे तपासा

लक्षण ओळखीचं आहे. रोज पहाटे दोनला चालणारं बॅकअप महिना-दीड महिना बिनबोभाट चालतं, मग अधूनमधून दांडी मारतं आणि एक दिवस बंदच पडतं. कोणीतरी क्रॉन (ठरलेल्या वेळी कामं आपोआप चालवणारा लिनक्सवरचा प्रोग्राम) रीस्टार्ट करतं, चार दिवस बरे जातात, पुन्हा तेच. फोंडा तालुक्यातलं एक वाचनालय आणि डिचोलीकडची एक सहकारी सोसायटी, दोन्हीकडची मशीन मी बघतो. दोन्हीकडे डेबियन ही लिनक्स आहे आणि जून लागला की दोन्हीकडून एकच निरोप येतो: "बॅकअप परत नाय पडला."

माझं मत आधीच सांगतो. क्रॉन स्वतः जवळजवळ कधीच बिघडत नाही. पॉल विक्सी यांनी १९८७ साली लिहिलेला हा प्रोग्राम. डेबियन अजूनही त्याचीच ३.० ही आवृत्ती वापरतं आणि तिच्यावर स्वतःच्या दुरुस्त्या चढवत राहतं. डेबियन ११ मध्ये पॅकेजचा आकडा ३.०पीएल१-१३७ होता, १२ मध्ये ३.०पीएल१-१६२ झाला. हायफनच्या अलीकडचा भाग नव्वदच्या दशकापासून हललेला नाही. पलीकडचा आकडा ही डेबियनच्या देखभाल करणाऱ्यांची मेहनत. इतकी वर्षं घासूनपुसून वापरात असलेलं सॉफ्टवेअर तुमच्याच मशीनवर, तेही फक्त पावसाळ्यात, रुसून बसेल हे जरा कठीण आहे. बिघडतं ते त्याच्या भोवतालचं. त्या वेळी मशीन चालू होतं का, घड्याळ कुठल्या देशाचं लावलंय, आणि नवीन रिलीज टाकल्यावर ते काम क्रॉनकडे राहिलंय की दुसऱ्याच कोणाकडे गेलंय, हे आधी बघायचं.

(कमांड आणि फाइलींची नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत, टर्मिनलवर ती नेहमीसारखी रोमन अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करायची.)

पहिला प्रश्न: क्रॉनने काम सुरू केलं होतं का?

स्क्रिप्ट उघडून बसण्याआधी एवढंच बघा: "जर्नलसीटीएल -यू क्रॉन --सिन्स येस्टरडे". जुन्या लेखांत सगळीकडे "/व्हार/लॉग/सिसलॉगमध्ये शोधा" असं असतं. डेबियन १२ कोरं टाकलेलं असेल तर ती फाइल सापडणारच नाही, कारण त्या रिलीजपासून ती फाइल लिहिणारं आरसिसलॉग आपोआप येत नाही. फाइल नाही म्हणजे क्रॉन बंद आहे, असा निष्कर्ष काढून लोक पॅकेज काढून परत टाकतात. त्याने काहीही होत नाही.

नोंदीत ठरलेल्या वेळेला "सीएमडी" अशी ओळ आणि पुढे तुमची कमांड दिसली, तर क्रॉनचं काम झालं. पुढचा घोळ स्क्रिप्टचा. ओळच नसेल तर स्क्रिप्टला हात लावू नका, खालच्या भागांकडे जा. या एका फाट्यावर अर्धा वेळ वाचतो.

ओळ आहे पण बॅकअप नाही, असं असेल तर तिच्या आसपास "नो एमटीए इन्स्टॉल्ड, डिस्कार्डिंग आउटपुट" असं दिसतंय का बघा. स्क्रिप्टने ओरडून सांगितलेली चूक क्रॉन मेलने पाठवायला निघालं, पण मशीनवर मेल पाठवणारं काहीच नाही म्हणून ती फेकून दिली, असा त्याचा अर्थ. एखादा हलका मेलर बसवा, नाहीतर कमांडच्या शेवटी आउटपुट एका फाइलकडे वळवा. शिवाय /ईटीसी/डिफॉल्ट/क्रॉन या फाइलीत "एक्स्ट्रा_ऑप्ट्स" मध्ये "-एल ५" लिहून क्रॉन रीस्टार्ट करा. १ म्हणजे सुरुवातीची नोंद, ४ म्हणजे अपयशाची. दोन्हींची बेरीज ५. एरवी क्रॉन फक्त काम सुरू केल्याचं लिहितं, ते आपटलं की नाही याबद्दल चकार शब्द काढत नाही.

यालाही एक पळवाट आहे. सोसायटीच्या मशीनवर रोज रात्री नवी फाइल तयार होत होती, तारीख बरोबर, नाव बरोबर, त्यामुळे सगळे निश्चिंत. आकार बघितला तर प्रत्येक फाइल २० बाइटची. मारियाडीबी या डेटाबेसचा डंप (सगळ्या डेटाची प्रत) पाइपने थेट जीझिप या फाइल दाबणाऱ्या प्रोग्राममध्ये ओतणारी ती एक ओळीची कमांड होती. डेटाबेसचा पासवर्ड बदलल्यामुळे डंप निघतच नव्हता, पण जीझिप रिकाम्या हाताने का होईना, इमानेइतबारे फाइल बांधत होतं. रिकाम्या डेटाची जीझिप फाइल बरोबर २० बाइटची होते. पाइपमध्ये शेवटच्या कमांडचा निकाल धरला जातो, म्हणून क्रॉनच्या लेखी सगळं सुरळीत. स्क्रिप्टची पहिली ओळ बॅशची करा आणि "सेट -ओ पाइपफेल" घाला. क्रॉनमधल्या ओळी एरवी /बिन/एसएचने चालतात आणि डेबियनवर ते म्हणजे डॅश हा शेल (कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम), टर्मिनलवरचा बॅश नव्हे. टर्मिनलवर चालणारी कमांड क्रॉनमध्ये न चालण्यामागे बऱ्याचदा हेच असतं, नाहीतर पाथ (कमांड कुठल्या डिरेक्टरींत शोधायची याची यादी) अपुरा असतो. कमांडचा पूर्ण पत्ता लिहिला की पाथचा प्रश्न मिटतो.

मशीन त्या वेळी चालू होतं का?

गोव्यातल्या छोट्या कार्यालयांत हा प्रश्न सगळ्यात आधी विचारायला हवा, आणि कोणीच विचारत नाही. पावसाळ्यात संध्याकाळी गडगडायला लागलं की शेवटचा माणूस मेन स्विच बंद करून, प्लग काढून जातो. बरोबरच करतो, राउटर आणि मदरबोर्ड जळालेले सगळ्यांनी पाहिलेत. पण मग पहाटे दोनला क्रॉन कुठून चालणार? चवथीच्या सुट्टीत तर मशीन सलग काही दिवस बंदच असतं.

"जर्नलसीटीएल --लिस्ट-बूट्स" दिलं की मशीन केव्हा चालू झालं, केव्हा बंद, याची यादी मिळते. ("लास्ट" कमांडची सवय असणाऱ्यांनी डेबियन १३ वर ती न सापडल्यास घाबरू नये, तिथे ती मूळ संचातून गेली आहे आणि डब्ल्यूटीएमपीडीबी हे पॅकेज टाकावं लागतं.) चुकलेल्या तारखा आणि या यादीतल्या रिकाम्या रात्री जुळल्या तर निदान झालं.

क्रॉन हुकलेलं काम नंतर करत नाही. ते काम अ‍ॅनाक्रॉनचं. डेस्कटॉपसकट डेबियन टाकलं असेल तर ते बहुधा आलेलं असतं. सर्व्हर म्हणून टाकलं असेल तर नाही. मात्र इथे एक मोठा गैरसमज आहे. अ‍ॅनाक्रॉन तुमच्या क्रॉनटॅबमधल्या (कुठलं काम केव्हा, हे लिहायच्या क्रॉनच्या फाइलीतल्या) ओळींकडे बघतच नाही. ते बघतं फक्त /ईटीसी/क्रॉन.डेली, क्रॉन.वीकली आणि क्रॉन.मंथली या डिरेक्टरींकडे, आणि /ईटीसी/अ‍ॅनाक्रॉनटॅबमध्ये वेगळं काही लिहिलं असेल तर त्याकडे. "क्रॉनटॅब -ई" करून लिहिलेली पहाटे दोनची ओळ अ‍ॅनाक्रॉन असलं तरी बुडते ती बुडतेच. स्क्रिप्ट क्रॉन.डेलीमध्ये हलवा.

लॅपटॉपवर आणखी एक गाठ बसते. डेबियनच्या अ‍ॅनाक्रॉनला उठवणारा सिस्टमडीचा (मशीनवरच्या सर्व्हिस सुरू-बंद करणाऱ्या प्रोग्रामचा) टायमर सकाळी साडेसातपासून रात्री साडेअकरापर्यंत दर तासाला उठतो, पण त्याच्या सर्व्हिसमध्ये "कंडिशनएसीपॉवर=ट्रू" अशी अट आहे. बॅटरीवर असाल तर काम नाही. वाचनालयातला लॅपटॉप जून ते सप्टेंबर दुपारनंतर विजेच्या भीतीने बॅटरीवरच असायचा, आणि सकाळी प्लग लावलेला असतानाच्या अर्ध्या-पाऊण तासात टायमरची वेळ यायची नाही. ऑक्टोबर उजाडला की बॅकअप आपोआप "बरं" व्हायचं, त्यामुळे खरं कारण शोधायची गरज कोणाला वाटली नाही. "जर्नलसीटीएल -यू अ‍ॅनाक्रॉन" मध्ये अट न जुळल्यामुळे काम वगळल्याची ओळ स्पष्ट दिसते. उपाय: "सिस्टमसीटीएल एडिट अ‍ॅनाक्रॉन.सर्व्हिस" करून युनिट विभागात "कंडिशनएसीपॉवर=" एवढंच, बरोबरच्या चिन्हापुढे काहीही न लिहिता, ठेवायचं. अट रद्द होते. काही जीबी हलवणारं बॅकअप असेल तर मात्र मी अट काढणार नाही. त्यापेक्षा दुपारच्या जेवणाआधी चार्जर लावायला सांगेन.

डेस्कटॉप मशीन असेल तर बायॉसमध्येही एकदा डोकावून या. वीज गेल्यानंतर परत आली की मशीनने आपोआप चालू व्हायचं की बंदच राहायचं, याची सेटिंग तिथे असते. ती "बंद" वर असेल तर रात्री दहाला दोन मिनिटं लाईट गेली तरी मशीन सकाळी कोणी बटण दाबेपर्यंत झोपलेलं.

घड्याळ कुठलं?

भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर टाइमझोन बहुधा यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) असतो. "टाइमडेटसीटीएल" दिलं की कळतं. भारताचं घड्याळ साडेपाच तास पुढे. क्रॉन.डेली डेबियनवर ६:२५ ला सुटतं, म्हणजे आपल्याकडे ११:५५ वाजता, ऐन कामाच्या वेळी. "रोज दुपारी बाराच्या सुमाराला साइट मंद होते" या तक्रारीचं मूळ मला याच्यातच सापडलेलं आहे. लोक पाच तास वजा करतात आणि मिनिटांच्या रकान्यातले तीस विसरतात, हा त्यातला सौम्य प्रकार.

जास्त त्रास तारखेचा. सोसायटीला दर महिन्याच्या १ तारखेला पहाटे २ वाजता थकबाकीची यादी काढायची होती. यूटीसीत ती वेळ म्हणजे आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी रात्रीचे साडेआठ. तो दिवस कधी २८, कधी ३०, कधी ३१. क्रॉनच्या रकान्यांत "महिन्याचा शेवटचा दिवस" असं लिहायची सोय नाही. मग कोणीतरी २८-३१ लिहून, "उद्या १ तारीख आहे का" अशी तपासणी डेट कमांडने त्याच ओळीत करतं. आणि तिथे दुसरा सापळा लागतो: क्रॉनटॅबमध्ये टक्क्याचं चिन्ह म्हणजे नवी ओळ. डेटच्या फॉरमॅटमधल्या टक्क्यापाशीच कमांड तुटते. प्रत्येक टक्क्याआधी उलटी तिरकी रेघ घालावी लागते, किंवा ती तपासणी सरळ स्क्रिप्टमध्ये न्यावी.

इंटरनेटवर याला सुचवला जाणारा उपाय म्हणजे क्रॉनटॅबच्या वर "क्रॉन_टीझेड" लिहून एशिया/कोलकाता देणं. फेडोरा आणि रेड हॅटवर तो चालतो, कारण तिथे क्रोनी नावाचं वेगळं क्रॉन आहे. डेबियनच्या नेहमीच्या क्रॉनला तो कळत नाही, आणि वाईट म्हणजे ते तक्रारही करत नाही. साधा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल समजून गप्प बसतं. डेबियन १२ पासून क्रोनी पॅकेज म्हणून मिळतं, सामाईक फाइली क्रॉन-डीमन-कॉमन या पॅकेजमध्ये वेगळ्या काढल्यामुळे अदलाबदलही सोपी झाली आहे. पण एका ओळीसाठी अख्खं क्रॉन बदलायचं मला पटत नाही. पूर्ण मशीनचा टाइमझोन कोलकाता करणं हा सोपा मार्ग. तो केलात तर क्रॉन रीस्टार्ट करायला विसरू नका, नाहीतर ते जुन्याच घड्याळावर चालत राहतं.

जाता जाता: तारीख आणि वार दोन्ही रकाने भरले तर क्रॉन "दोन्ही जुळले तर" असं धरत नाही, "कुठलंही एक जुळलं तर" असं धरतं. पहिल्या सोमवारसाठी १-७ आणि सोमवार लिहिणाऱ्याला पहिले सात दिवस आणि वर प्रत्येक सोमवार असा घसघशीत मोबदला मिळतो.

रिलीज बदलल्यावर काय हलतं?

डेबियन १२ आलं १० जून २०२३ ला, १३ आलं ९ ऑगस्ट २०२५ ला. दोन्ही ऐन पावसात, त्यामुळे दोष विजेचा की अपग्रेडचा हे इथल्या माणसाला कळायला आणखी कठीण. अपग्रेडनंतर बंद पडलेल्या कामांसाठी मी पुढच्या गोष्टी बघतो.

फाइलीच्या नावात टिंब आहे का? क्रॉन.डेली वगैरे डिरेक्टरी चालवणारं रन-पार्ट्स फक्त अक्षरं, आकडे, अधोरेखा आणि हायफन असलेली नावं घेतं. "बॅकअप.एसएच" हे नाव ते न बोलता ओलांडून जातं. /ईटीसी/क्रॉन.डी मध्येही टिंबाचं नाव चालत नाही. अपग्रेडच्या गडबडीत कोणी फाइलीची प्रत काढून नावं बदलतो आणि नेमकी टिंबवाली प्रत जागेवर राहते. "रन-पार्ट्स --टेस्ट /ईटीसी/क्रॉन.डेली" दिलं की प्रत्यक्षात चालतील तेवढीच नावं छापली जातात. तुमचं नाव यादीत नसेल तर टिंब बघा, नाहीतर एक्झिक्यूट परवानगी बघा. आणि क्रॉन.डीमधल्या ओळीत वेळेच्या पाच रकान्यांनंतर युजरचं नाव लागतं, स्वतःच्या क्रॉनटॅबमध्ये लागत नाही. इकडची ओळ तिकडे चिकटवली की युजरलाच कमांड समजलं जातं.

काम सिस्टमडीच्या टायमरकडे गेलंय का? क्रॉन.डेलीमधली लॉगरोटेटची (जुन्या लॉग फाइली बाजूला काढणाऱ्या प्रोग्रामची) स्क्रिप्ट उघडून बघा: मशीनवर सिस्टमडी चालू असेल तर ती वरच्या वर बाहेर पडते. प्रत्यक्ष काम लॉगरोटेटचा टायमर करतो. पॅकेज बसवणाऱ्या एप्टच्या रोजच्या कामाचंही तसंच. त्यामुळे /ईटीसी/क्रॉनटॅबमधली ६:२५ ची वेळ बदलून ही कामं हलत नाहीत. "सिस्टमसीटीएल लिस्ट-टाइमर्स --ऑल" मध्ये कोणतं काम कोणाकडे, मागचं केव्हा झालं, पुढचं केव्हा, सगळं एका पानात येतं.

डेबियन १३ असेल तर /टीएमपी बघाच. या रिलीजपासून /टीएमपी डिस्कवर नसून रॅममध्ये असतं, कमाल मर्यादा रॅमच्या निम्मी. अपग्रेड केलेल्या मशीनवरही रीबूटनंतर हे लागू होतं. बॅकअपची स्क्रिप्ट आधी /टीएमपीमध्ये डंप काढून मग तो दाबत असेल, आणि मशीन ४ जीबी रॅमचं असेल, तर २ जीबीच्या अलीकडेच जागा संपते. डेटा हळूहळू वाढत जातो, म्हणून अपग्रेडनंतर काही आठवडे सगळं ठीक आणि मग एका रात्री "नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस", तेही डिस्क अर्धी रिकामी असताना. स्क्रिप्टला डिस्कवरची स्वतःची डिरेक्टरी द्या. "सिस्टमसीटीएल मास्क टीएमपी.माउंट" करून रीबूट केलं की जुनी पद्धत परत येते, पण मी ते तात्पुरतं म्हणूनच करतो.

मी शेवटी काय बसवलं

रोजची साधी कामं क्रॉनमध्येच ठेवली. हुकून चालणार नाही अशी दोन कामं, बॅकअप आणि थकबाकीची यादी, टायमरवर नेली. टायमरमध्ये "ऑनकॅलेंडर=*-*-०१ ०२:००:०० एशिया/कोलकाता" असं टाइमझोनसकट लिहिता येतं, सर्व्हर यूटीसीवर असला तरी. लिहिलेलं बरोबर आहे का हे "सिस्टमडी-अ‍ॅनलाइझ कॅलेंडर" पुढची वेळ काढून दाखवतं. "पर्सिस्टंट=ट्रू" दिलं की मशीन बंद असताना हुकलेलं काम चालू झाल्यावर लगेच होतं.

त्या "लगेच"मुळे वाचनालयात नवी भानगड झाली. लाईट आली की मशीन मिनिटभरात तयार, राउटर अजून फायबरशी जुळवून घेतोय, आणि बाहेरच्या सर्व्हरवर प्रत पाठवणारं आरसिंक तोंडघशी. नेटवर्क-ऑनलाइनची वाट बघायला सांगून उपयोग नाही, कारण राउटरशी केबल जोडलेली असली की मशीनच्या दृष्टीने नेटवर्क आलं. त्यापेक्षा सर्व्हिसमध्ये "रीस्टार्ट=ऑन-फेल्युअर" आणि "रीस्टार्टसेक=१०मिन" घाला, म्हणजे दहा मिनिटांनी परत प्रयत्न होतो. किती वेळा करायचा याची मर्यादा "स्टार्टलिमिटबर्स्ट" आणि "स्टार्टलिमिटइंटरव्हलसेक" ने बांधा, नाहीतर इंटरनेट दोन दिवस नसेल तर जर्नल त्याच ओळींनी भरून जाईल.

हे सगळं करूनही दोष क्रॉनचाच वाटला, तर "रिपोर्टबग क्रॉन" चालवून कळवा. त्याआधी "एप्ट चेंजलॉग क्रॉन" वाचा. तुमचा दोष पुढच्या आवृत्तीत सुटलेला असू शकतो. तो सुटला तरी स्टेबल रिलीजमध्ये लगेच येईल असं धरू नका. स्टेबलमध्ये सुरक्षेच्या आणि गंभीर दुरुस्त्याच जातात, वागणूक बदलणाऱ्या नाहीत. कोणाला हे आडमुठं वाटतं. मला विचाराल तर सोसायटीच्या मशीनवर मला हेच हवंय.

पुढच्या अपग्रेडआधी सगळ्या युजरांचे क्रॉनटॅब "क्रॉनटॅब -एल" ने, क्रॉन.डेलीची यादी रन-पार्ट्सच्या टेस्टने आणि टायमरची यादी अशा तीन फाइली काढून ठेवा. अपग्रेड झाल्यावर रीबूट करून परत त्याच तीन फाइली काढा आणि "डिफ" लावा. टायमरच्या यादीत वेळा बदललेल्या दिसणारच, तिथे फक्त नावं जुळवा. एखादं नाव गळलेलं दिसलं तर ते त्याच दिवशी जागेवर आणा. पहिल्या अंधाऱ्या रात्रीची वाट बघू नका.